आधी कोरडं, मग ओलं

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी राज्यभर गाजली. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीनं ब्युटीशियनकडून चेहरा उजळवणारं क्रीम घेतलं. घरात तिची आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. पुढे तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाल्याचं निष्पन्न झालं आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात पारा निघाला. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून थोड्याच दिवसांत चेहरा उजळ दिसू लागतो. तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोचतो. कायद्यानं क्रीममध्ये पारा घालायला मनाई आहे. नकळत आलेला अंशसुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

अकोला आपल्या वाशिमकरांना परकं नाही. १ जुलै १९९८ पर्यंत वाशिम त्याच जिल्ह्यात होतं. तसल्या क्रीमच्या बिनलेबलच्या डब्या लग्नसराईत आपल्याकडेही हातोहात फिरतात. नैसर्गिक त्वचा-निगेचा उद्योग सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येक ताईनं ही बातमी नीट लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. कारण तुमच्याकडे विकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हळद नाही की कोरफड नाही. डबीत काय आहे ते गिऱ्हाइकाला नेमकं कळणं, आणि जे लिहिलंय तेवढंच आत असणं, ही ती गोष्ट. ब्रँडचं नाव, लोगो, इन्स्टाग्रामचं पान हे सगळं नंतर.

सुरुवात कशापासून करावी, यावर माझं मत ठाम आहे: ज्या वस्तूत पाण्याचा थेंब नाही, तिच्यापासून. उटणं, लेपाची पावडर, शिकेकाई-रिठ्याचं मिश्रण, मग तेल आणि बाम. क्रीम, लोशन, जेल, फेसवॉश सगळ्यांत शेवटी. बहुतेक जणी नेमकं उलटं करतात. यूट्यूबवर पाहून कोरफडीचं जेल काढतात, त्यात गुलाबपाणी आणि व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल घालतात आणि मैत्रिणींना डब्या देतात. आठवड्याभरात त्या जेलला वास येतो, कधी बुरशी दिसते. दिसत नाही तेव्हा धोका जास्त, कारण जंतू डोळ्यांना दिसण्याआधीच वाढलेले असतात. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून जपतं, जंतूंना रोखत नाही. पाणी असलेल्या वस्तूला प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच. ‘नैसर्गिक आहे, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं अभिमानानं लिहिलेली पाण्याची वस्तू मी तरी माझ्या घरच्या लेकराला लावणार नाही.

कोरड्या मालासाठी आपला जिल्हा चांगला आहे. रिसोड आणि वाशिमच्या बाजार समित्यांत हळदीची आवक असते. हरभरा तर घरोघरी, म्हणजे बेसनाचा प्रश्न नाही. मंगरूळपीर, कारंजा, मालेगाव भागात संत्र्याच्या बागा आहेत. वावराच्या धुऱ्यावर कडुनिंब उभा असतो, फाल्गुनात पळस फुलतो. पण जवळ आहे म्हणून माल चांगला असतोच असं नाही. हळदीचा पिवळेपणा वाढवायला लेड क्रोमेट वापरल्याची प्रकरणं देशात वारंवार उघड झाली आहेत, आणि लेड म्हणजे शिसं. तयार पूड घेऊ नका. हळकुंडांनाही पॉलिश करताना रंग चढवला जातो, म्हणून शिजवून वाळवलेली, पॉलिश न केलेली हळकुंडं थेट शेतकऱ्याकडून घ्या आणि आपल्यासमोर दळून घ्या. चेहऱ्याच्या लेपासाठी आंबेहळद किंवा कस्तुरी हळद वेगळी मागवावी; स्वयंपाकाच्या हळदीनं चेहरा आणि टॉवेल दोन्ही पिवळे होतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. संत्र्याची साल घ्यायची तर बागेत शेवटची फवारणी कधी झाली हे विचारून घ्या, साल धुऊन सावलीत वाळवा. पळसाची फुलं आणि कडुनिंबाची पानंही सावलीतच. हातानं चुरडली की कुरकुरली पाहिजेत, नुसती वाकली तर ओल आहे.

ओल हा कोरड्या धंद्याचा एकमेव मोठा शत्रू आहे. आषाढ-श्रावणात दळलेली पावडर पुडीत गोळा होते, आत बुरशी धरते. म्हणून वर्षाचं वाळवण एप्रिल-मे मध्ये उरकून घ्यावं. आपल्याकडची कोरडी गरम हवा त्या दोन महिन्यांत फुकट मिळणारं यंत्र आहे. वाळलेला माल हवाबंद डब्यात अख्खा ठेवावा, दळण मागणीप्रमाणे. दळल्यावर बारीक जाळीच्या चाळणीतून दोनदा काढा. उटण्यातला खरखरीत कण अंगाला चालतो, चेहऱ्यावर ओरखडे काढतो, म्हणून चेहऱ्याची पावडर वेगळी ठेवावी. कागदाच्या पुड्या दिसायला गोड असतात, पण त्यांतून ओल आत जाते. आत पदर असलेलं सीलबंद पाकीट किंवा काचेची बाटली वापरा.

आणखी एक. स्वयंपाकघरातलं सगळंच कातडीला मानवत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी काळवंडते. खाण्याचा सोडा त्वचेची नैसर्गिक आम्लता बिघडवतो. कापूर, दालचिनी, लवंगेचं तेल थोडं जास्त झालं की आग होते. नवं मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहायची पद्धत आपल्यापासून सुरू करा, आणि तीच सूचना पाकिटावर छापा.

तेलाकडे वळताना आपल्या वैद्यांची एक जुनी कसोटी कामी येते. औषधी तेल सिद्ध करताना वनस्पतीचा कल्क, पाणी आणि तेल एकत्र उकळतात. पाणी पूर्ण उडालं का ते पाहायला त्यातला थोडा कल्क आगीवर धरतात. तडतड आवाज आला तर पाणी शिल्लक आहे. आजही यापेक्षा सोपी आणि खात्रीची चाचणी घरात करता येत नाही. तीळतेल यासाठी उत्तम. करडई आणि जवसाचं तेल लवकर खवट होतं, त्याची छोटी बॅच काढा. करंजाचं आणि निंबाचं तेल गुणाचं असलं तरी वास उग्र. मिश्रणात त्याचं प्रमाण कमीच ठेवावं.

बाममध्ये वाशिमचा उन्हाळा मोजावा लागतो. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं, मधमाश्यांचं मेण ६२ च्या पुढे. थंडीत एक भाग मेणाला चार भाग तेल हे प्रमाण छान बसतं. मे महिन्यात तोच बाम कुरिअरच्या गाडीत पातळ होऊन झाकणातून गळतो. उन्हाळ्यासाठी मेण वाढवून एकास तीन करा आणि विकण्याआधी एक डबी बंद पत्र्याच्या पेटीत दुपारभर उन्हात ठेवून पाहा.

बामाचं एक गिऱ्हाईक अगदी जवळ आहे. मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर आहे. ते २०२३ मध्ये, चाळीसहून अधिक वर्षांनी, दर्शनासाठी पुन्हा उघडलं आणि देशभरातले यात्रेकरू येऊ लागले. जैन घरांत मध वर्ज्य असतो, अनेकांना मधमाश्यांचं मेणही नको असतं, आणि साबणात जनावराची चरबी तर नकोच. त्यांच्यासाठी वनस्पतिज मेणाचा बाम वेगळा करून त्यावर ‘मध नाही, मेण वनस्पतीचं’ असं स्पष्ट लिहिलं, तर तुमच्या हाताशी आपोआप एक बाजार येतो. गिऱ्हाईक कोण आहे ते पाहून वस्तू ठरवणं याला मी धंद्याची अक्कल म्हणते. मुंबईच्या दुकानात काय चालतं त्याची नक्कल करत बसू नये.

साबण शिकायला सोपा वाटतो, पण त्यात कॉस्टिक सोडा आहे आणि तो डोळा कायमचा घालवू शकतो. चष्मा, रबरी हातमोजे, लांब बाह्या, उघडी खिडकी, आणि लहान मुलं घराबाहेर. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी कधीही सोड्यावर ओतायचं नाही. भांडं स्टीलचं घ्यावं, ॲल्युमिनियमचं अजिबात नको. प्रत्येक तेलाला किती सोडा लागतो ते ठरलेलं आहे: एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, तीळतेलाला ०.१३४, एरंडेलाला ०.१२८. समजा ३०० ग्रॅम खोबरेल, ५०० ग्रॅम तीळतेल आणि २०० ग्रॅम एरंडेल घेतलं, तर सोडा होतो ५४.९ अधिक ६७ अधिक २५.६, म्हणजे १४७.५ ग्रॅम. त्यातून पाच टक्के कमी करून १४० ग्रॅम वापरायचा, म्हणजे थोडं तेल साबणात मोकळं राहतं आणि हात कोरडे पडत नाहीत. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही. ग्रॅमचा अंश दाखवणारा वजनकाटा ही पहिली खरेदी. पाणी डिस्टिल्ड घ्या, कारण आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार साबणाशी बांधले जाऊन फेस मारतात. वड्या कापल्यावर चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकवाव्या लागतात. तितके दिवस पैसा अडकतो, हे हिशेबात धरा. हळदीचा साबण पिवळाधमक होईल या आशेवर राहू नका. हळदीवर क्षाराची क्रिया झाली की ती लाल होते, कुंकू त्याच गुणावर बनतं. साबणात ती आधी लालसर, मग तपकिरी पडते. तो तपकिरीपणा खरा आहे, तसाच विका.

आता कायदा. इथे अनेक जणी घाबरून मागे फिरतात किंवा ‘बचत गटाला काही लागत नाही’ असं कुणीतरी सांगितलेलं ऐकून पुढे जातात. दोन्ही चूक. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० यांखाली परवाना लागतो, आणि तो राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. अर्ज सीओएस-५ या नमुन्यात ऑनलाइन करायचा, परवाना सीओएस-८ मध्ये मिळतो. तो कायम चालतो, पण दर पाच वर्षांनी शुल्क भरून जिवंत ठेवावा लागतो. देखरेखीला पात्र व्यक्ती हवी: फार्मसीची पदविका असलेली, किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण झालेलीही चालते. गावातली बारावी सायन्स झालेली, घरी बसलेली सून ही तुमची तांत्रिक प्रमुख होऊ शकते, हे किती जणींना माहीत असतं?

जागेची अट मात्र कडक आहे. राहत्या घराला जोडलेली खोली चालत नाही. भिंती गुळगुळीत, धुता येणाऱ्या हव्यात. पावडरीसाठी सुमारे १५ चौरस मीटर, क्रीम आणि तेलांसाठी २५ चौरस मीटर जागेची शिफारस आहे. साबणाला याहून बरीच मोठी. कोरड्यापासून सुरुवात करा म्हणते त्याचं हे दुसरं कारण. एकटीला शेड परवडत नसेल तर दोन वाटा आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) लोकसंचालित साधन केंद्राशी किंवा ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या (उमेद) प्रभाग संघाशी बोलून अनेक गटांची मिळून एक शेड, एक परवाना, एक तांत्रिक व्यक्ती असं उभं करता येतं. मला ही वाट सर्वांत पटते. दुसरी वाट म्हणजे परवानाधारक कारखान्यात आपल्या सूत्राप्रमाणे माल बनवून घेणं. त्यासाठी कर्जाऊ परवाना (लोन लायसन्स) असतो, तो सीओएस-९ मध्ये मिळतो. अर्ज भरण्याआधी औषध निरीक्षकांना भेटून जागेचा कच्चा नकाशा दाखवा. बांधून झाल्यावर भिंत पाडणं महागात पडतं.

आयुर्वेदिक म्हणून विकायचं असेल तर परवाना वेगळा, अटी वेगळ्या. विको कंपनीचं उदाहरण विदर्भाला जवळचं आहे. नागपूरहून मुंबईला गेलेल्या केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये ती सुरू केली. त्यांची हळदीची क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षं न्यायालयात वाद चालला. एवढ्या मोठ्या घराला जो प्रश्न पडला, तो तुम्ही पहिल्याच दिवशी सोडवून टाका: तुमची वस्तू स्वच्छ करते, मऊ करते, सुगंध देते, एवढंच म्हणा. ‘मुरुम बरे करते’, ‘कोड घालवते’ म्हटलं की ती औषध ठरते, आणि कोडाच्या उपचाराची जाहिरात तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानंच बंद केली आहे. ‘गोरेपणा’ हा शब्द तर वापरूच नका. देशातल्या एका मोठ्या कंपनीनं २०२० मध्ये आपल्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ काढून टाकलं. सावळ्या मुलीला तिच्या रंगाची लाज वाटायला लावून पैसा मिळवणारा आणखी एक उद्योग वाशिमला नको आहे.

पाकिटावर वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, निव्वळ वजन आणि घटकांची यादी हवी. यादीत सर्वांत जास्त प्रमाणाचा घटक आधी. वैधमापन नियमांप्रमाणे सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोनही. प्रत्येक बॅचची एक वही ठेवा: हळद कुणाकडून, कोणत्या तारखेला, किती वजन, कुणी दळली. प्रत्येक बॅचमधलं एक पाकीट न विकता कपाटात ठेवा. उद्या कुणी पुरळ उठल्याची तक्रार घेऊन आली तर ती वही आणि ते पाकीट, एवढंच तुमच्या बाजूनं बोलणार आहे. पहिल्या बॅचचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जंतू आणि जड धातूंसाठी तपासून घ्या. हा खर्च टाळू नका.

किमतीत बायका स्वतःची मजुरी विसरतात. उदाहरणादाखल १०० ग्रॅम उटण्याचा हिशेब मांडू: साहित्य ३० रुपये, दळण-चाळण-वीज ५, पाकीट-लेबल १०, मजुरी १५, तपासणी आणि परवान्याचा वाटा ८, नमुने आणि नासाडी ५. झाले ७३. किंमत १२० ठेवली आणि दुकानदारानं तीस टक्के मागितले तर ३६ गेले, हाती ८४ आले, म्हणजे नफा ११ रुपये. स्वतः विकलं तर ४७, पण मग स्टॉलचं भाडं आणि एसटीचं तिकीट तुमचं. शेजारणीनं ‘घरचंच तर आहे, पन्नासला दे’ म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत राज्यातल्या विक्रीला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पुढची तयारी म्हणून एवढं माहीत असू द्या की सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण आणि केसांचं तेल ५ टक्क्यांवर आलं, त्वचेचं क्रीम १८ वरच राहिलं.

पैशाच्या बाबतीत एक सापळा सांगते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. पण हे अनुदान नव्या उद्योगालाच आहे. आधी कारखाना सुरू केला आणि मग अर्ज केला, तर तो नाकारला जातो. शिवाय अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावे ठेव म्हणून राहतं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम त्याच धर्तीवर आहे, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर मोफत होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. ती असली की भागीदारीला किंवा कंपनीलाही ट्रेडमार्कचं ऑनलाइन शुल्क एका वर्गाला ९००० ऐवजी ४५०० रुपये पडतं, आणि सौंदर्यप्रसाधनांचा वर्ग तिसरा. नाव छापण्याआधी ते आधीच कुणी घेतलंय का ते ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर शोधा. मोठ्या कर्जाची घाई नको. मुद्रा कर्जयोजनेच्या शिशु गटातले ५० हजारांपर्यंतचे पैसे वजनकाटा, चाळण्या, सीलिंग मशीन आणि पहिल्या हंगामाच्या मालाला पुरू शकतात, जर शेड सामायिक असेल तर. हळदीच्या प्रक्रियेबद्दल शिकायला रिसोडजवळ करडा इथलं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन या.

विक्रीसाठी आपल्या भागात जत्रा आणि देवस्थानं आहेत. रामनवमीला पोहरादेवीला देशभरातून बंजारा समाज येतो, कारंज्याच्या गुरुमंदिरात वर्षभर दत्तभक्तांची ये-जा असते. तिथे मोठी बाटली नाही, प्रवासात मावणारी ५० ग्रॅमची पुडी खपते. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यापासून नागपूर आणि संभाजीनगरला माल त्याच दिवशी पोचवणंही शक्य झालं आहे, म्हणजे शहरातल्या दुकानाकडून पुन्हा मागणी आली तर नाही म्हणावं लागत नाही.

पहिला हंगाम दिवाळीचा धरा आणि तिथून मागे मोजत या. घटस्थापनेपर्यंत पाकिटं दुकानांत पोचलेली हवीत, म्हणजे भाद्रपदात दळण आणि पॅकिंग. प्रयोगशाळेचा अहवाल त्याआधी हातात हवा, म्हणून थोडा माल आधी दळून त्याचे नमुने श्रावणात पाठवायचे. परवान्याचा अर्ज आणि जागेची तपासणी याला महिने लागू शकतात, तेव्हा ते काम मागच्या हिवाळ्यातच सुरू करायचं. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी यांची खरेदी उन्हाळ्यात, भाव चढायच्या आत. आणि पहिल्या वर्षी, कितीही मागणी आली तरी, वाळवलेला आणि तपासलेला माल संपला की ऑर्डर बंद करायची. बाजारातून तयार पूड आणून पाकिटं भरायची नाहीत.